रद्दीतलं खेळाचं पान

आमच्या घरात पुस्तक असं नव्हतंच. एक पोथी होती, लाल फडक्यात बांधलेली. ती श्रावणात तेवढी फळीवरून खाली यायची. बाकी छापील अक्षर म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि रेशनकार्ड. मी वाचायला शिकले ती रद्दीवर, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पहिल्या वर्षी वाटायची.

आबा, म्हणजे माझे वडील, मुळशी धरणाच्या काठावरच्या एका बंगल्यावर रखवालदार आहेत. मालक मुंबईचे. शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी गाडी काढायचे. येताना वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायचे आणि जाताना तो व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर तसाच राहायचा. आबा तो उचलून घरी आणायचे. आईला तो फडताळात अंथरायला लागे, चूल पेटवायला लागे, आबांच्या भाकऱ्या बांधायला लागे. आमच्या खोऱ्यातलं पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरतं आणि त्याची वीज होऊन मुंबईकडे जाते. त्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे आम्हाला शाळेत शिकवलं. माझा हिशेब मात्र वेगळा होता. इथून मुंबईला वीज जायची आणि मुंबईहून आमच्या घरी रद्दी यायची. मला तो सौदा वाईट वाटला नाही.

आबा चौथी शिकलेले. अक्षर लावता येतं, पण लावता लावता दम लागतो. क्रिकेटचं वेड मात्र जबरदस्त. ट्रान्झिस्टरवरचं मराठी समालोचन ऐकून ते वाढले. बाळ ज. पंडितांचं नाव ते अजून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं घ्यावं तसं घेतात. त्यामुळे रद्दी आली की त्यांचं आईला एकच सांगणं असे, "खेळाचं पान जाळू नगंस." आणि पान वाचायचं कोणी? मी. तेव्हा मी दुसरीत होते. २०१३ च्या नोव्हेंबरात सचिन तेंडुलकर वानखेडेवर शेवटचा कसोटी सामना खेळला, त्या सुमाराची ही गोष्ट.

पानावर एका लेखाच्या डोक्यावर लेखकाचं नाव होतं. मी ते अक्षर-अक्षर लावून वाचलं, "द्वा-र-का-ना-थ सं-जी-गि-री." आबा म्हणाले, "संझगिरी आसंल. वाच पुढं." पुढं काय वाचलं ते मला आज आठवत नाही. जोडाक्षरांपाशी मी अडखळत होते, ओळी खालीवर होत होत्या. आठवतं ते एवढंच, की आबा मध्येच हसले. कागदावरची ओळ वाचल्यावर माणूस हसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. शाळेच्या पुस्तकातलं वाचून आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं.

मग तो नेमच पडला. रविवारी रात्री जेवणं झाली की आबा पाट घेऊन भिंतीला टेकायचे आणि मी कंदिलाखाली (वीज आमच्याकडे बऱ्याचदा गेलेली असे, धरणाच्या काठावर राहून कंदील, हेही एक नवलच) पान पसरायची. संझगिरींच्या लेखात चेंडूबरोबर सिनेमा यायचा, गाणी यायची, खाणं यायचं. एखाद्या फटक्याचं वर्णन चाललं असताना मध्येच मधुबाला यायची. आबा विचारायचे, "ही कोण?" मला काय माहीत! तेव्हा चुलीपुढून आई सांगायची. सिनेमाचं आईला ठाऊक होतं, क्रिकेटचं आबांना, आणि वाचता येत होतं मला. एक लेख पुरा व्हायला तीन माणसं लागायची. आई क्रिकेटच्या बोलण्यात आली ती अशी, मधुबालेच्या मागच्या दाराने.

"ह्यो मानूस पारावर बसून बोलतोय," आबा एकदा म्हणाले. त्या माणसाबद्दल यापेक्षा नेमकं मी अजून कुठं वाचलेलं नाही.

कॉलेजात आल्यावर मी ग्रंथालयात बसून या पारावरच्या माणसाचा शोध घेतला. पहिलाच धक्का बसला तो हा, की संझगिरी पत्रकार नव्हते. म्हणजे पोटासाठी नव्हते. ते स्थापत्य अभियंते. मुंबई महानगरपालिकेत त्यांनी नोकरी केली आणि २००८ साली निवृत्त झाले. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात लिहिणं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'दिनांक', 'श्री' अशा नियतकालिकांतून त्यांनी लिहायला सुरुवात केली. मग १९८३ साल उजाडलं. २५ जूनला लॉर्ड्सवर १८३ धावांत बाद झालेल्या भारताने वेस्ट इंडिजला १४० वर गुंडाळलं आणि सगळा देश क्रिकेटच्या नादी लागला. संझगिरी आणि मित्रांनी त्या लाटेवर 'एकच षटकार' नावाचं पाक्षिक काढलं. संपादक संदीप पाटील. तोच, ज्याने आदल्याच वर्षी मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले होते. कार्यकारी संपादक संझगिरी. फक्त खेळाला वाहिलेलं मराठी पाक्षिक आणि त्याच्या माथ्यावर विश्वविजेत्या संघातला खेळाडू! आजच्या काळात याचं नवल वाटणार नाही, पण तेव्हा खेड्यापाड्यांतली पोरं त्या अंकाची वाट बघत असतील, अशी माझी कल्पना आहे.

त्यांच्या आधी काही नव्हतं असं नाही. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून मराठी वर्तमानपत्रात खेळाला स्वतंत्र जागा मिळवून दिली. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्यांनी क्रिकेटइतक्याच मानाने वागवलं. खरं सांगायचं तर आमच्या तालुक्याच्या दृष्टीने करमरकर जास्त जवळचे. मुळशीत पोरगं चालायला लागलं की तालमीच्या मातीत जातं. संझगिरींच्या पानात मला ती माती फारशी सापडली नाही. त्यांचं मन शिवाजी पार्कात, वानखेडेवर, लॉर्ड्सवर रमायचं. मुंबईच्या फलंदाजावर त्यांचा जीव अंमळ जास्तच होता आणि सचिनचं नाव निघालं की त्यांच्या लेखणीला देवळात गेल्यासारखं व्हायचं. उपमाही कधी कधी एकीवर एक अशा रचायचे, की फटका कोणता होता तेच विसरायला व्हावं. हे मी भक्त म्हणून लिहीत नाही, हे कळावं म्हणून सांगितलं.

मग हा माणूस पंचेचाळीसहून अधिक वर्षं टिकला कसा?

माझं उत्तर साधं आहे. त्याने धावसंख्या कधी विकलीच नाही. रेडिओ होता तेव्हा धावसंख्या रेडिओने सांगितली. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं आणि मग सामना लोकांनी घरात बसून पाहिला. पुढे वाहिन्यांनी एकच चेंडू दहा बाजूंनी दाखवला. आता तर मोबाइलवर चेंडू पडायच्या आधी आकडा बदलतो की काय असं वाटतं. प्रत्येक नव्या यंत्राने बातमीदाराच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. ज्याच्यापाशी फक्त आकडे होते, त्याचे हात रिकामे झाले. संझगिरींच्या हातात मुळात आकडे नव्हतेच; होतं ते सामना संपल्यानंतरचं बोलणं. सामना बघून झाल्यावर माणसाला गप्प बसवत नाही. त्याला कोणीतरी लागतं, "काय खेळला रे!" म्हणायला. ती भूक रेडिओने भागली नाही, टीव्हीने भागली नाही, मोबाइलने तर वाढवलीच. म्हणून वर्तमानपत्रातलं त्यांचं लेखन पुढे फेसबुकवर गेलं तेव्हा ते परक्या गावी गेल्यासारखं वाटलं नाही. तिथेही लोक पारावरच बसलेले होते. त्यांचे लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचे, कित्येकदा त्यांचं नाव गाळून. आमच्या गावच्या ग्रुपवर असा एक बेनावी लेख आला होता. आबांना वाचून दाखवला, तर तिसऱ्या ओळीला म्हणाले, "ह्यो आपलाच की!"

दुसरं कारण बहुधा त्यांची नोकरी. लिहिण्यावर चूल अवलंबून नव्हती. या मुद्द्यावर आमच्या घरी खडाजंगी झालेली आहे. बारावीनंतर पिरंगुटच्या एका कंपनीत चिकटायचं की बी.ए. करायचं, असा प्रश्न होता. घरातलं कोणीच कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे सल्ला विचारायला कोणी नव्हतं. आबांनी सल्ला घेतला तो संझगिरींचा! म्हणाले, "त्यांनी बी नोकरी धरली, मंग लिवलं. तू बी धर." मी म्हणाले, "आबा, ते आधी शिकले, मग नोकरी धरली." आबा बराच वेळ बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी प्रवेशाचे पैसे आणून दिले. कुठून आणले ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वर्गात एका सरांनी सांगितलं की वर्तमानपत्रातलं खेळाचं लेखन हे साहित्य नव्हे. मी हात वर करणार होते, केला नाही. नंतर आमच्या एका बाईंनी ग्रंथालयात मला नेव्हिल कार्डसबद्दल सांगितलं. मँचेस्टरचा हा माणूस. लोकांचे कपडे धुऊन देणाऱ्या घरात वाढलेला, शाळा जेमतेम. तो १९१९ पासून 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये क्रिकेटवर लिहू लागला आणि त्याच हाताने संगीतावरही. इंग्रजांनी त्याला साहित्यिक मानलं. मला साहित्य की नाही या वादात फार रस उरला नाही. कपडे धुणाऱ्या घरातला, एवढंच मनात राहिलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत, सहा तारखेला, संझगिरी गेले. कर्करोग होता. चाळीसच्या आसपास पुस्तकं मागे ठेवून गेले. बातमी मी मोबाइलवर वाचली, पौडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी उठून कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. त्यात आईच्या चुलीतून वाचलेली पानं होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. म्हणाले, "वाच कुठलंबी." त्या रात्री मी अडखळले नाही, तरी वाचणं जमेना.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की आता आपण लिहायचं.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणते, लहानपणापासून तालमीतला. त्या वर्षी त्याची कुस्ती मोठ्या इनामावर लागली होती. हलगी कडाडली, दादा दंड थोपटत मैदानात उतरला, फेटेवाल्यांनी टाळ्या दिल्या. आणि दोन मिनिटांच्या आत समोरच्याने घिस्सा मारून त्याला चीत केला. पाठीला माती लागली तरी लोकांना कळेना, कुस्ती संपली म्हणून.

मी त्या रात्री लेख लिहिला. माझ्या कल्पनेने अगदी संझगिरींच्या वळणाचा. सिनेमा हवाच! दादा अमिताभसारखा आला आणि असरानीसारखा गेला, असं लिहिलं. आणखीही बरंच होतं. गावच्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत हसण्याच्या चित्रांची रांग लागली. पुण्यात कामाला असलेल्यांनीसुद्धा शाबासकी दिली. "पोरगी लेखिका झाली!" मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी गिरणीवर बारकी पोरं दादाला बघून ओरडली, "असरानी!" तो दळण न घेता परत गेला. त्यानंतर त्याने मैदानात उतरणं सोडलं. आमच्या आणि चुलत्यांच्या घरामध्ये एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, पण माझ्याशी तो बोलला नाही. वैशाख गेला, आषाढ गेला.

यातली खरी गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. दादा कंपनीत तिसऱ्या पाळीला असतो. आखाड्याच्या आदल्या रात्री त्याला सुट्टी मिळाली नव्हती. रात्रभर यंत्रापुढे उभा राहून, सकाळी घरी येऊन, दोन तास पडून तो मैदानात उतरला होता. हे मला ठाऊक होतं. आई त्याला चहा देत होती तेव्हा मी तिथंच होते. मी ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर विनोद बसला नसता.

आबांनी लेख ऐकला होता तेव्हा तेही हसले होते. गिरणीवरचं कळल्यावर मात्र म्हणाले, "संझगिरी हारलेल्याला हासायचे का गं?" मी पेटी उघडून बसले. हसायचे. चांगले हसायचे. निवड समितीला हसायचे, बड्या बड्या फलंदाजांनाही सोडायचे नाहीत. म्हणजे मी केलं ते त्यांच्यासारखंच, असं म्हणायला मला जागा होती. पण पानं चाळता चाळता एक गोष्ट दिसली, जी ऐकताना कधी दिसली नव्हती. ज्यांची थट्टा केली त्यांच्यातल्या कित्येकांशी त्यांची ऊठबस होती. गावसकर, वेंगसरकर, संदीप पाटील, पुढे सचिन, सगळ्यांशी घसट. आज लिहायचं आणि उद्या त्याच माणसासमोर जाऊन उभं राहायचं. असं एकदोनदा कोणीही करील. चार दशकांहून अधिक करायचं तर लिहितानाच तो माणूस समोर बसलेला धरून लिहावं लागत असेल. लोक त्यांच्या टिकण्याचं कारण शैली सांगतात. मीही वर धावसंख्येचा सिद्धान्त मांडलाच आहे. पण मला तर एक भिंत ओलांडून चुलत्यांच्या ओट्यावर जाणं झालं नव्हतं.

गेलेही नाही, खरंच. लेख ग्रुपवरून काढला, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता.

२ नोव्हेंबर २०२५. रविवार. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, नवी मुंबईत. त्याआधी तीनच दिवसांपूर्वी जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला घरी धाडलं होतं. आमचा टीव्ही बंद पडलेला, त्यामुळे आबा म्हणाले, "चल, पल्याड जाऊ." मी आबांच्या मागे लपून गेल्यासारखी गेले. पावसाने सामना उशिरा सुरू झाला. शेफाली वर्मा, जी मूळ संघातच नव्हती, प्रतीका रावल जायबंदी झाली म्हणून आयत्या वेळी आलेली, तिने ८७ धावा केल्या. सांगलीची स्मृती बाद झाली तेव्हा चुलती हळहळली. तिला क्रिकेट कळत नाही, सांगली कळते. दादा दाराशी उभा होता. त्या रात्री त्याची पाळी नव्हती. दक्षिण आफ्रिकेची कप्तान वोल्वार्ट शतक करून उभी होती तोवर कोणी पाणी प्यायलाही उठलं नाही. मग अमनजोतने तीनदा झेलून तिचा झेल घेतला आणि चुलत्यांच्या घरात भांडी पडल्यासारखा आवाज झाला. मध्यरात्रीच्या सुमाराला दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी जिंकलो. चुलती रडत होती, आई रडत होती. मुलींनी खेळलेल्या खेळावर आमच्या घरातल्या बायका रडल्या.

आबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "आता उद्या संझगिरी काय लिवत्यात बघू."

कोणी काही बोललं नाही. मग आबांच्याच लक्षात आलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

दाराशी उभा असलेला दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही लिहील की." थोडा थांबून म्हणाला, "पण आधी मला वाचून दाखव म्हणावं."

मी रात्रीच बसले. शेफालीपासून सुरुवात केली, मग वाटलं हरमनप्रीतपासून करावी, मग ते सगळं फाडलं आणि वोल्वार्टपासून केली. शतक करून हरलेल्या बाईपासून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा पाळीला निघायच्या आधी मी चुलत्यांच्या ओट्यावर गेले. तो बुटाची नाडी बांधत होता. मी वाचायला लागले. दुसऱ्याच वाक्यात एक सिनेमातली नटी होती.

"हे खोड," दादा म्हणाला.

मी पेन काढलं.